'पुन्हा या' न म्हणणारं घर

वाराणसी, ११ ऑगस्ट

यज्ञेश,

आशीर्वाद नेहमीचेच. राग मात्र ताजा आहे.

तुझं जाड पाकीट पोचलं. पत्र एका पानाचं, बाकी सगळे वकिलाचे कागद, आणि सही जिथे करायची तिथे तू पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्यास. अरे, मी जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. सही कुठे करायची ते मला कळतं. कुठे करायची नाही, तेही कळतं.

तर सही करणार नाही. घर विकायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तू लिहितोस की ऑफिसातल्या निनादने जेवताना मोबाइल तुझ्यापुढे धरला. 'काशीला सगळं घर घेऊन जायचंय, हॉटेलं परवडत नाहीत, हे बघ मराठी माणसाचं घर मिळतंय भाड्याने, स्वयंपाकघरासकट.' आणि फोटोत आपली माडी, बाबांच्या खोलीत फुलाफुलांच्या चादरी, खिडकीच्या गजांना कुणाच्या तरी पोराचा ओला टॉवेल. तुला म्हणे मान खाली घालावी लागली. का ते सांग. चादरी धुतलेल्या होत्या. टॉवेलबद्दल मी त्या पोराच्या आईला बोलले होते.

'अक्का, तू घराचं हॉटेल केलंस.' हे वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंयस. आणि घर विकायचंय कुणाला? तो लंका मोहल्ल्यातला माणूस, जो हे पाडून तिथे लिफ्टवालं हॉटेल बांधणार. म्हणजे मी चार चादरी घातल्या तर बाबांचं नाव बुडालं आणि त्याने पाया खणला तर तो व्यवहार. वा रे न्याय!

या घरात माणसं कधी नव्हती ते सांग. बाबा पौरोहित्य करत होते तोवर नागपूर-अमरावतीपासून सांगली-साताऱ्यापर्यंतची माणसं आपल्याच दाराशी यायची. कुणी अस्थी घेऊन, कुणी श्राद्धाला. आपण दोघं जिन्याखाली झोपायचो आणि आपल्या अंथरुणात कुणीतरी अनोळखी म्हातारा रडत असायचा. तेव्हा तुला लाज वाटली नाही. आता त्याच खोलीत कुणाचं पोर उशी फेकून हसतं, तर लाज वाटते.

सध्या गंगा वर चढलीय, घाट बुडालेत, नावा बंद. दोन कुटुंबांना मी स्वतःहून फोन करून सांगितलं, आत्ता येऊ नका, पोरांना चार भिंतीत कोंडून ठेवावं लागेल. पितृपक्षही वगळा, दसऱ्यानंतर या. तेवढीच दहा दिवसांची कमाई गेली, जाऊ दे. हॉटेलवाला असं सांगतो का?

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून स्पीड पोस्ट. पाकीट तरी फोडावंच लागतं.

तुझी
अक्का


वाराणसी, २३ सप्टेंबर

यज्ञेश,

पितृपक्ष संपला. बाबांचं श्राद्ध केलं. तू तिकडे केलंस का, विचारत नाही.

तू फोनवर (उचललास एकदाचा!) विचारलंस, 'तू दिवसभर करतेस तरी काय तिथे?' आणि मला काही सुचायच्या आत ठेवलास. आता सुचलंय, तर ऐक.

मी लोकांची सुट्टी ठरवते. सकाळी फोन येतो, बहुतेक बाईचाच. 'काकू, आम्ही सात जण, सासूबाईंचे गुडघे, धाकट्याला बाहेरचं चालत नाही, आणि खर्च बेताचा हवा.' नवरा शेजारून काहीतरी ओरडत असतो. मग मी सांगते. देवदिवाळीला येऊ नका, तेव्हा काशी पैसेवाल्यांची असते. त्याच्या आठवडाभर आधी या, तीच गंगा, तीच थंडी, अर्ध्या खर्चात. सासूबाईंना घाटाच्या पायऱ्या उतरवू नका, मुन्शी घाटाकडून नावेत बसवा, नाववाला माझ्या माहितीचा आहे. सकाळी कचौडी बाहेर खा, दुपारचं जेवण घरी, रात्री मुलांना मऊ भात. एक दिवस काहीच ठरवू नका. त्या दिवशी सगळे झोपतात आणि घरी गेल्यावर तोच दिवस आठवतो.

आणि घराचा एक नियम आहे, तो फोनवरच सांगते. स्वयंपाकघर वापरायला आहे, पण आलेल्या घरातल्या बाईने तिथे पाऊल ठेवायचं नाही. एकतर स्वयंपाकाला येणारी आपली कालिंदी करील, नाहीतर पुरुषांनी करावं. अरे, भाड्याच्या घरात सुट्टीला जायचं आणि तिथेही बाईनेच कुकर लावायचा, तर तिची सुट्टी कुठे गेली? एक जळगावचे गृहस्थ फार चिडले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरीत केलं, आणि आता म्हणे घरीही करतात.

आता मुद्द्याचं. कोल्हापूरच्या इरावतीबाई कुटुंबासह राहून गेल्या. त्यांनी मोबाइलवर आपल्या घराबद्दल भरभरून लिहिलं. जेवण छान, खोल्या स्वच्छ, काकू प्रेमळ. आणि शेवटी, 'फक्त एक खटकलं. निघताना आम्ही पाया पडलो, येतो म्हणालो, तर काकू काही बोलल्याच नाहीत. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. आमचं काही चुकलं का?'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. कारण मला ठाऊकच नव्हतं की मी असं करते!

तुला आठवतं ना? बाबांनी कधी कुणाला 'या' म्हटलं नाही. अस्थी घेऊन आलेल्याला 'पुन्हा या' कसं म्हणायचं? पुन्हा या म्हणजे पुन्हा घरात कुणी जाऊ दे? म्हणून बाबा निरोपाला उंबऱ्याच्या आत उभे राहायचे, गप्प, तोंड फिरवून. जाणाराही 'येतो' म्हणत नसे. आई तशीच. आपण दोघं तसेच. मग दुःखाने आलेला कोण आणि लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला कोण, हा फरकच आपल्या घरातून पुसून गेला. आपण सगळ्यांनाच स्मशानातून परतल्यासारखा निरोप देत राहिलो.

आणि आता हे वैदेहीला मोठ्याने वाचून दाखव. तुमच्या लग्नानंतर तिचे आईवडील इथे आले होते, चार दिवस राहिले. निघताना तिच्या आईने माझ्या हातात डबा दिला, 'येतो हं' म्हणाल्या, आणि आपण सगळे, तूसुद्धा, ओळीने भिंतीकडे तोंड करून उभे! त्या माणसांनी ते किती वर्षं मनात धरलं असेल. वैदेही त्यानंतर फक्त बाबांच्या वेळी आली. मी समजत होते ती पुण्याची, तिला गल्लीतला वास सोसत नाही. वैदेही, तो अपमान नव्हता गं. आम्हाला दुसरा निरोप येतच नव्हता.

इरावतीबाईंना मी तेच कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं, 'मग आता शिका.' शिकतेय. परवा एक कुटुंब निघालं तेव्हा दारात उभी राहिले, उंबऱ्याच्या बाहेर, आणि तोंडातून शब्द फुटेना. कालिंदी मागून म्हणाली, 'बोल देबू त जबान घिस जाई का?' तेव्हा म्हटलं. 'पुन्हा या.' आवाज चिरका आला. पण म्हटलं.

अक्का


वाराणसी, १४ ऑक्टोबर

यज्ञेश,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, पण हाताने लिहिलेल्या, त्याबद्दल आभार.

दिवाळीत येतोस, हॉटेलात उतरतोस, 'हा विषय एकदाचा संपवतोस'. उतर की! पण एक सांगते, दिवाळीत वरच्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत. बीडचं कुटुंब आहे, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं आणि आई. आईने आयुष्यात कधी गाव सोडलेलं नाही. तू येतोस म्हणून त्यांना नाही म्हणणार नाही. तू माझा भाऊ असलास तरी कुणाची सुट्टी मोडायचा हक्क तुला नाही. भाऊबीज झाल्यावर महिनाअखेरीस खोल्या मोकळ्या आहेत. तेव्हा आलास तर हॉटेलची गरज नाही. तुझ्या सईची शाळा तेव्हाही बंदच असेल.

आता दुसरं. साताऱ्याच्या कुणीतरी तुला सांगितलं की अक्काने बाबांच्या यजमानांना हाकलून दिलं, आता तिथे फक्त पर्यटक घेतात. आणि तू ते खरं मानलंस. मला विचारलंही नाहीस. हे मात्र मला लागलं. कागदांपेक्षा जास्त लागलं.

खालची खोली कुणाची आहे ते ऐक. ती मी कुठल्याही मोबाइलवर टाकलेली नाही. ती अजून त्यांचीच आहे, जे कलश घेऊन येतात. त्यांच्याकडून मी भाडं घेत नाही. बाबांनी घेतलं नाही, मी घेणार नाही. पण बाबांना दक्षिणा मिळायची, मला कोण देणार? मी मंत्र सांगत नाही. मग खालची खोली कशावर चालते? वरच्या दोन खोल्यांवर. बीडच्या पोरांच्या दंग्यावर. झालं समाधान?

हे मी तुला आजवर का सांगितलं नाही, म्हणशील. सांगितलं असतं तर तू मला महिन्याला काहीतरी पाठवलं असतंस आणि तेवढ्यावर घर शांत ठेव म्हणाला असतास. मला तुझे पैसे नकोत आणि शांत घरही नको.

वर येणाऱ्यांना मी आधीच स्पष्ट सांगते, खाली कधी दुःखातली माणसं असतात, चालेल का. काहीजण नाही म्हणतात. त्यांना दुसरं घर सुचवते. पण बरेचसे चालेल म्हणतात, आणि मग त्यांची पोरं जिना उतरताना आपोआप हळू बोलतात. काशीत सुट्टीला यायचं तर एवढं चालायला हवं.

आणि हो, खालच्यांना मी अजून 'या' म्हणत नाही. तिथे तोंड फिरवूनच उभी राहते, बाबांसारखी. वरच्यांना म्हणते. आता दोन्ही येतं मला.

यायचं तर नीट कळव. चादरी धुवायच्या असतात.

अक्का


वाराणसी, ३० ऑक्टोबर

यज्ञेश,

हसू नकोस. तू वर आहेस आणि मी खाली बसून तुला पत्र लिहितेय. सकाळी तुम्ही तिघं नावेने गेलात तेव्हा सुरुवात केली. समोरासमोर आपल्याला बोलता येत नाही हे आता तीन दिवसांत सिद्ध झालं. तू विचारतोस, 'अक्का, गमछा कुठे?' मी म्हणते, 'दोरीवर.' झालं संभाषण! कागद तू पहिल्याच दिवशी देवघराशेजारच्या टेबलावर ठेवलेस, पिवळ्या चिठ्ठ्यांसकट, आणि त्यानंतर आपण दोघंही त्या टेबलाला वळसा घालून चालतोय.

तर जे दिसलं ते लिहिते.

परवा वैदेही सवयीने स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा कालिंदीने तिला हाताला धरून बाहेर आणलं. मग तू पिठलं केलंस. गुठळ्या होत्या. सईने तीनदा घेतलं. वैदेही माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'वन्सं, आईला मी तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग रडली. म्हणाली, एवढंच होतं तर त्याच वेळी सांगायचं.' काय सांगणार? आम्हालाच कळलं नव्हतं.

घाटावर नाववाल्याशी तू बोलायला लागलास ते मी वरून ऐकलं. 'का हो गुरू, कइसन हौ?' पुण्यात एवढी वर्षं काढून जीभ तशीच आहे तुझी. वैदेही डोळे विस्फारून बघत होती, नवऱ्याची ही भाषा तिने कधी ऐकलीच नव्हती.

आणि काल. अमरावतीचे वासुदेवराव आणि त्यांची मुलगी कलश घेऊन आले. मी ज्या गुरुजींना सांगितलं होतं ते गर्दीत अडकले. मी दारात घिरट्या घालत होते, तुला काही म्हणाले नाही. तू जिन्यावरून उतरलास, त्या म्हाताऱ्याकडे पाहिलंस, आणि सोवळं मागितलंस. बाबांचं. मी पेटीतून काढून दिलं. कापराचा वास येत होता त्याला. तू त्यांच्याबरोबर नावेत गेलास, संकल्प सांगितलास. त्यांच्या मुलीने मला सांगितलं, एकदाही अडखळले नाहीत तुमचे भाऊ.

दुपारी ते निघाले तेव्हा मी जिन्यात होते. तू उंबऱ्याच्या आत उभा राहिलास. उजव्या बाजूला, बाबा जिथे उभे राहायचे तिथेच. तोंड भिंतीकडे. वासुदेवराव हात जोडून गेले, काही न बोलता. तू ते गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत हलला नाहीस. तुला कुणी सांगितलं होतं? सई वरून विचारत होती, 'आत्या, बाबा असे का उभे आहेत?' मी म्हटलं, त्यांना येतं ते.

आता सांग, ही जागा लिफ्टवाल्याला विकून तू कुठल्या भिंतीकडे तोंड करणार आहेस?

मला राग आहे, यज्ञेश. तो लपवत नाही. बाबांच्या तेराव्यानंतर तू या दारातून गेलास, 'येतो' न म्हणता. रीतच होती ती, घरात सुतक नुकतं फिटलेलं, मीही 'ये' म्हटलं नाही. पण मग तू खरंच आला नाहीस. दोन वर्षं. मला वाटायचं, न बोललेला तो शब्दच खरा झाला. मी दार उघडं ठेवायला माणसं शोधली. परकी, भाड्याने आलेली, कुणाच्याही पोरांची. कुणीतरी या जिन्यावरून धावायला हवं होतं. तुझी सई धावत नव्हती, म्हणून बीडची धावली. हे आहे माझं हॉटेल.

सही करणार नाही. तू उद्या निघतोस. कागद बरोबर घेऊन जा. आणि काय बोलून जायचं ते तुझं तू ठरव, मी सुचवणार नाही.

हे पत्र तुझ्या चपलेत ठेवते.

अक्का


वाराणसी, ३ नोव्हेंबर

यज्ञेश,

सुखरूप पोचल्याचा वैदेहीचा फोन आला. सईने घाटावरून आणलेला लाकडी लट्टू गाडीत हरवला म्हणे. दुसरा घेऊन ठेवलाय. पाठवणार नाही, इथे आहे.

त्या दिवशी काय झालं ते लिहूनच ठेवते, नाहीतर पुढे तू कबूल करणार नाहीस. वैदेही म्हणाली, 'येतो, वन्सं.' मी म्हटलं, 'पुन्हा या.' सई म्हणाली, 'येते गं आत्या.' तिलाही म्हटलं. आणि तू चपला घातल्यास. पत्र सकाळीच वाचलेलं होतंस, दोन दिवसांची दाढी करताना गाल कापून घेतला होतास त्यावरून मला कळलं. पिशव्या उचलल्यास आणि एक शब्द न बोलता निघालास.

मी उंबऱ्याच्या आत गेले. भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, ठीक आहे. निभवेन. एकटीने एवढं केलं, पुढेही करीन. डोळ्यांत पाणी होतं, ते कुणाला दिसणार नाही याची सोय आपल्या पूर्वजांनी छान करून ठेवलेली आहे!

मग पिशव्या आपटल्याचा आवाज आला. संकठा देवीच्या देवळाच्या वळणावरून तू परत आलास, धापा टाकत, आणि दारात उभा राहून, माझ्याकडे न बघता, जसा बीडचा तो मोठा भाऊ फोनवर विचारतो तसं विचारलंस, 'मे महिन्यात वरच्या खोल्या मोकळ्या आहेत का?'

मला तेव्हा बोलता आलं नाही. कालिंदीनेच तुला 'बताएँगी, बताएँगी, ट्रेन छूट जाएगी' म्हणून पिटाळलं. म्हणून उत्तर आता देते.

नाहीत. मेमध्ये ऊन असतं, म्हणून भाडं कमी असतं, म्हणून सगळी सुट्टीवाली मेमध्येच येतात. वरच्या दोन्ही खोल्या इरावतीबाईंनी घेतल्यात. या खेपेला बहिणीलाही आणतायत. त्यांना मी नाही म्हणणार नाही, तुला माहीत आहे.

तुम्हाला माझ्या खोलीत झोपावं लागेल. वैदेही आणि सई पलंगावर, मी खाली, आणि तू जिन्याखाली. तिथली जागा अजून तेवढीच आहे, तू मात्र वाढलायस, पाय बाहेर येतील. पिठलं पुन्हा करशील, गुठळ्या न होऊ देता.

कागद तू टेबलावरच सोडून गेलास. विसरलास की ठेवलेस, ते मी विचारत नाही. पोस्टाने पाठवणार नाही. हवे असतील तर मेमध्ये येऊन घेऊन जा, आणि ऑगस्टमध्ये, आणि दिवाळीत. दर वेळी विसरून जा.

पुन्हा ये.

अक्का